बदली पान आणि बनावट पान

पत्त्यांच्या कॅटांतलें एखादें पान हरवलें, म्हणजे घरोघरीं एकच उपाय योजला जातो. जोकर बाहेर काढावयाचा, त्यावर शाईनें ‘चौकट सत्ती’ असें लिहावयाचें, आणि डाव पुढें चालूं करावयाचा. त्या जोकरास कोणी खोटा म्हणत नाहीं. ज्याच्या हातीं तो जातो तो त्यास सत्ती समजूनच खेळतो, आणि बाकीच्या भिडूंचीही त्यास संमति असते.

अशा लिहिलेल्या पानाला इंग्रजी बोलणारे खेळाडू ‘प्रॉक्सी’ म्हणतात. कचेरींत मुखत्यार धन्याच्या वतीनें उभा राहतो, किंवा शाळेंत बदली शिक्षक रजेवरील शिक्षकाचा तास घेतो, त्याप्रमाणें हें पान दुसऱ्या पानाच्या वतीनें डावांत उतरतें. मराठींत त्यास ‘बदली पान’ म्हणावयास हरकत नाहीं. साध्या पत्त्यांत त्याबद्दल तंटा होण्याचें कारण नसतें. नवा कॅट आणावयाचा म्हटला तरी असा कितीसा खर्च येणार! परंतु गेल्या तीस-बत्तीस वर्षांत पत्त्यांचा एक असा प्रकार जगभर पसरला आहे कीं, त्यांतील एखाद्या पानास घराएवढी किंमत पडते. मुंबई-पुण्याकडेही तो आवडीनें खेळणारे तरुण आहेत. या खेळांत मात्र आपलें निरुपद्रवी बदली पान मोठ्या वादाचा विषय होऊन बसलें आहे. कोणी त्यास बनावट नोटेच्या पंक्तीला बसवितात. कोणी म्हणतात, त्यावांचून खेळ श्रीमंतांच्याच घरीं राहील. वाद नीट समजावयाचा तर आधीं खेळ कसा आहे हें पाहिलें पाहिजे.

या प्रकाराचा आद्य खेळ म्हणजे ‘मॅजिक : द गॅदरिंग’. तो १९९३ च्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंत बाजारांत आला. त्याचा कर्ता रिचर्ड गारफील्ड हा गणिती; त्याच वर्षीं त्यानें पेन्सिल्व्हानिया विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविली. वॉशिंग्टन राज्यांतील ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या त्या वेळच्या अगदीं लहानशा कंपनीचा चालक पीटर अॅडकिसन यास सहज बरोबर नेतां येईल आणि थोड्या वेळांत उरकेल असा खेळ हवा होता. गारफील्डनें त्याला जो खेळ दिला त्यांतील नवी गोष्ट ही कीं, सर्व भिडूंना मिळून एक कॅट येथें नसतो. प्रत्येक जण आपला कॅट आपणच निवडून, जुळवून घरून घेऊन येतो.

मांडणी थोडक्यांत अशी. दोन भिडू म्हणजे दोन मांत्रिक; प्रत्येकाजवळ आरंभीं २० गुणांचें आयुष्य. मैदान, बेट, दलदल, डोंगर आणि अरण्य अशा पांच भूमींचीं पानें असतात. त्यांपासून मंत्रशक्ति मिळते, आणि तिच्या बळावर प्राणी, आयुधें व मंत्र यांचीं पानें उतरावयाचीं. सामान्यतः प्रतिस्पर्ध्याचें आयुष्य शून्यावर आणील तो जिंकला. कॅट कमींत कमी ६० पानांचा असावा लागतो; साध्या भूमीचीं पानें सोडल्यास एका नांवाचीं चारांहून अधिक पानें त्यांत चालत नाहींत. हीं पानें मिळावयाचीं कोठें ? तर दुकानांत बंद पाकिटें मिळतात. आरंभीच्या पाकिटांत १५ पानें असत : ११ सर्वसामान्य, ३ थोडीं कमी आढळणारीं, आणि १ दुर्मिळ. आंत काय निघेल तें पाकीट फोडल्यावांचून कळावयाचें नाहीं. जवळचें नको असलेलें पान मित्रास द्यावें व त्याच्याजवळचें हवें असलेलें घ्यावें, यांत या खेळाची निम्मी गोडी आहे.

इतर खेळांवर लोक जेवढा खर्च करतात तेवढाच यावर करतील, आणि मित्रमंडळींत एखादें जबरदस्त पान एखाद्याच्याच हातीं राहील, असा गारफील्डचा अदमास होता. लोकांनीं तो खोटा ठरविला. त्यांनीं पाकिटांवर पाकिटें घेतलीं. ज्याची थैली मोठी त्याचा कॅट बळकट, असें होऊं लागलें. आणि बुद्धीच्या खेळांत थैलीचा हा जो शिरकाव झाला, त्यांतूनच बदली पानाचा सारा प्रश्न उद्भवला.

पहिली आवृत्ति ‘अल्फा’ या नांवानें ओळखली जाते. तिची छपाई बेल्जममधील कार्टा मुंडी या कारखान्यांत झाली. तींत सुमारे २६ लक्ष पानें होतीं. हा आंकडा मोठा वाटतो खरा. पण त्यांतील प्रत्येक दुर्मिळ पानाच्या प्रती सुमारे ११०० च होत्या. त्याच वर्षअखेरपर्यंत आणखी दोन मोठ्या आवृत्त्या निघाल्या. या तीन आवृत्त्यांत नऊ पानें अशीं होतीं कीं, ज्यांना खेळाडू पुढें ‘पॉवर नाइन’ म्हणजे बलाढ्य नवक म्हणूं लागले. त्या नवकाचा मेरुमणि ‘ब्लॅक लोटस’, म्हणजे कृष्णकमळ. हें पान उतरावयास मंत्रशक्ति मुळींच लागत नाहीं. आणि तें खर्ची घातलें कीं एका रंगाच्या मंत्रशक्तीचे तीन गुण तत्काळ हातीं येतात. इतर भिडूंना पहिल्या पाळींत एका भूमीचा एक गुण मिळतो. ज्याच्या हातांत कमळ आलें त्यास एकदम चार मिळतात. दुसऱ्यानें चालावयास आरंभ करावा तोंच यानें कोसभर मजल मारलेली असते. कर्त्यास ही चूक लवकरच उमगली, आणि तें पान छापण्याचें बंद झालें. खेळाच्या दृष्टीनें हें योग्यच होतें. बाजाराच्या दृष्टीनें मात्र त्याच दिवशीं त्या पानाचें सोनें झालें.

पुढें १९९५ सालीं कंपनीनें ‘क्रॉनिकल्स’ नांवाच्या संचांत कित्येक जुनीं पानें पुन्हां छापलीं. ज्यांनीं तीं भारी किंमतीस घेऊन ठेवलीं होतीं ते संग्राहक आणि दुकानदार चिडले. आपल्या पैशांची माती झाली, असें ते म्हणूं लागले. त्यांचें समाधान करण्यासाठीं १९९६ सालीं कंपनीनें एक यादी प्रसिद्ध केली आणि वचन दिलें कीं, या यादींतील पानें खेळांत चालतील अशा स्वरूपांत पुन्हां कधींही छापलीं जाणार नाहींत. या राखीव यादींत आज सुमारे ५७० पानें आहेत. २००२ मध्यें ती थोडी सैल केली गेली, २०१० मध्यें पुन्हां आंवळली गेली. पण ती मोडलेली नाहीं. परिणाम काय झाला ? खेळाडू वाढत गेले, पानें तेवढींच राहिलीं. किंबहुना फाटून, भिजून, हरवून कमीच होत गेलीं. २०२१ च्या जानेवारींत अल्फा आवृत्तीचें एक निष्कलंक कृष्णकमळ, ज्याच्या वेष्टनावर चित्रकार ख्रिस्तोफर रश याची सही होती, ५,११,१०० डॉलरांस विकलें गेलें. तेव्हांच्या दरानें हे पावणेचार कोटी रुपये होतात. हातांत मावणाऱ्या एका जाड कागदाच्या तुकड्याचे !

आतां जुनीं जवळजवळ सर्व पानें जींत चालतात अशी ‘व्हिंटेज’ नांवाची खेळण्याची एक पद्धत आहे. तींत अशीं बलाढ्य पानें प्रत्येकीं एकेकच ठेवतां येतात. तरीही असा एक कॅट अस्सल पानांनीं जुळवावयाचा तर हजारों डॉलर मोजावे लागतात. एखाद्या होतकरू पोरास हीं पानें माहीत असतात, त्यांचे डावपेच तोंडपाठ असतात, मात्र तीं हातीं धरणें त्यास जन्मांत शक्य नसतें. बुद्धिबळांत हस्तिदंती सोंगट्या असणाऱ्यास एक वजीर अधिक मिळत नाहीं. लांकडी सोंगट्या घेऊन बसलेला गरीब मुलगाही त्याला मात देऊं शकतो. या पत्त्यांत मात्र वजीरच विकत घ्यावा लागतो. आणि ज्याच्याजवळ पैसे नाहींत त्याच्यासाठीं एकच वाट उरते, ती बदली पानाची.

वस्तुतः बदली पानाचा जन्म या खेळाच्याही आधींचा आहे. छापखान्यांत पहिलें पान छापलें जाण्यापूर्वीं गारफील्ड आणि त्याचे विद्यापीठांतील स्नेही कात्रीनें कापलेल्या, छायाप्रती काढलेल्या कागदी पानांनींच खेळत होते. त्या कच्च्या पानांविषयीं एक मौजेची हकीकत सांगतात. एका पानावर लिहिलें होतें कीं, प्रतिस्पर्धी पुढची पाळी गमावील. इंग्रजींत ‘गमावणें’ आणि ‘हरणें’ यांस एकच क्रियापद आहे. एका भिडूनें त्या वाक्याचा अर्थ असा केला कीं, पुढच्या पाळीस प्रतिस्पर्धी हरलाच. आणि आपल्याला हमखास जिंकून देणारें पान मिळालें म्हणून तो आनंदून गेला. वाक्यरचनेंतील ढिलाईचा हा धडा पुढें बदली पानें लिहिणाऱ्यांसही तितकाच उपयोगी आहे.

बदली पान करणारे सगळे गरीबच असतात असेंही नाहीं. कांहीं जण पान विकत घेण्यापूर्वीं तें आपल्या कॅटांत शोभतें कीं नाहीं हें अजमावून पाहतात. दहा खेळी बदली पानानें खेळावें, उपयोगी ठरल्यास मग दुकान गांठावें, हा हिशेब शहाणपणाचा आहे. दुसरे कांहीं असे कीं, ज्यांच्याजवळ अस्सल पान आहे पण तें तिजोरींत आहे. ठेवणींतला शालू जसा रोज कोणी नेसत नाहीं, तसेंच हें. एकच महागडें पान आपल्या चार निरनिराळ्या कॅटांत हवें असतें, म्हणून तीन ठिकाणीं बदली ठेवणारेही पुष्कळ आहेत.

बदली पान करावयाचें कसें, याचे तीन-चार प्रघात आहेत. सर्वांत जुना आणि सर्वांत प्रामाणिक तो लेखणीचा. साध्या भूमीचीं पानें प्रत्येकाच्या घरीं ढिगानें पडलेलीं असतात. त्यांपैकीं एक घेऊन त्यावर पक्क्या काळ्या शाईनें दुसऱ्या पानाचें नांव लिहावयाचें. आपल्या जोकराचाच हा भाऊ. दुसरा प्रघात चिठ्ठीचा. आज जवळजवळ सर्व खेळाडू आपलीं पानें प्लॅस्टिकच्या खोळींत घालून खेळतात. त्या खोळींत एक स्वस्त पान ठेवून त्याच्यापुढें कागदाची चिठ्ठी सरकवावयाची. तिसरा छपाईचा. पानाचा आकार ६३ मिलिमीटर रुंद आणि ८८ मिलिमीटर उंच असतो. बाजारांत मिळणारा ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. म्हणजे तीन रांगांत तीन-तीन अशीं नऊ पानें त्यावर बसतात आणि कडेला कात्रीपुरती जागाही राहते. छपाईयंत्र कित्येकदां आपल्याच मनानें चित्र किंचित् लहान करतें, ती सोय आधीं बंद करावी. नाहींतर नऊच्या नऊ पानें खोळींत खुळखुळतात.

पानावर काय असलें पाहिजे, यास मात्र पर्याय नाहीं. नांव, तें उतरावयास लागणारी मंत्रशक्ति, पानाची जात, प्राणी असल्यास त्याचें बळ व चिवटपणा, आणि नियमाचें वाक्य. पुष्कळ जण नुसतें नांव लिहून मोकळे होतात. समोरच्यास तें पान पाठ असेल तर चालून जातें. नसेल तर दर पाळीस ‘हें काय करतें?’ असें विचारावें लागतें, आणि डावाचा विचका होतो. आणखी एक बारीक गोष्ट अशी कीं, जुन्या पानांवर छापलेलीं वाक्यें आज पुष्कळ ठिकाणीं बदललेलीं आहेत. नियम सुधारत गेले तसा प्रत्येक पानाचा अधिकृत पाठही सुधारत गेला, आणि तो कंपनीच्या संग्रहांत कोणालाही पाहावयास मिळतो. बदली पानावर हा नवा पाठ लिहितां येतो. या एका बाबतींत पावणेचार कोटींच्या पानापेक्षां पेन्सिलीनें लिहिलेली चिठ्ठी सरस ठरते, असें म्हणावयास प्रत्यवाय नाहीं.

याहून नाजूक प्रश्न जाडीचा. चिठ्ठी घातलेली खोळ बाकीच्यांपेक्षां केसभर जाड होते. कॅट पिसतांना किंवा काटतांना सराईत बोटांना तो फरक कळतो. आणि जें पान न पाहतां ओळखूं येतें तें खुणेचें पान झालें. करणाऱ्याच्या मनांत पाप नसलें तरी समोरच्याच्या मनांत शंका येते, आणि ती रास्त असते. यास्तव खोळी अपारदर्शक पाठीच्या, एकाच बनावटीच्या आणि सारख्याच झिजलेल्या असाव्या. चिठ्ठीचा कागद पातळ असावा. आणि फार चोखंदळ असणाऱ्यांनीं साठही खोळींत तेवढाच कोरा कागद घालावा. थोडा उपद्व्याप आहे, पण मग कोणाला बोलावयास जागा राहत नाहीं.

येथपर्यंत पानाच्या दर्शनी बाजूची गोष्ट झाली. खरा विवेक आहे तो पाठीचा. या खेळाच्या जवळजवळ प्रत्येक पानाची पाठ १९९३ पासून एकच राहिली आहे, ती अशासाठीं कीं, कोणत्याही सालचीं पानें एका कॅटांत मिसळावीं आणि पाठीवरून ओळखूं येऊं नयेत. आतां विचार करा : बदली पान अपारदर्शक खोळींत बसतें. त्याची पाठ खेळणाऱ्यास दिसत नाहीं, समोरच्यासही दिसत नाहीं. मग अस्सल पानाच्या पाठीची हुबेहूब नक्कल करण्याचें प्रयोजन काय ? खेळांत तर कांहींच नाहीं. ती पाठ उपयोगी पडते ती खोळींतून पान बाहेर काढून कोणाच्या तरी हातावर ठेवतांना. म्हणजे ज्यानें पुढची बाजू सुंदर केली त्याची हौस समजूं शकते. ज्यानें पाठही केली त्याचा हेतु खेळापलीकडचा असण्याचा संभव फार.

दसऱ्याच्या दिवशीं आपट्याचें पान ‘सोनें’ म्हणून एकमेकांच्या हातीं ठेवतात. देणारा आणि घेणारा, दोघांनाही तें आपट्याचें आहे हें ठाऊक असतें, आणि तें घेऊन कोणी सराफाकडे जात नाहीं. म्हणून त्या व्यवहारांत असत्याचा लेश नाहीं. पितळेस मुलामा देऊन त्यावर खोटा छाप मारला आणि तोच जिन्नस सराफापुढें ठेवला, तर त्यास दसऱ्याचें सोनें म्हणतां येणार नाहीं. बदली पान आणि बनावट पान यांतील अंतर नेमकें एवढेंच आहे. आणि पुष्कळदां वाद घालणारे हें अंतर विसरून दोहोंस एकाच मापानें मोजतात.

परंतु येथें एक अडचण आहे, आणि ती दृष्टीआड करून चालणार नाहीं. आपट्याचें पान दोन दिवसांत सुकतें. छापलेलें पान सुकत नाहीं. समजा, एकानें केवळ आपल्या खेळासाठीं, कसलीही लबाडी मनांत न आणतां, अगदीं हुबेहूब पान करून घेतलें. वर्षा-दोन वर्षांनीं त्याचा नाद सुटला. पेटी धाकट्या चुलतभावाकडे गेली. त्यास कांहींच माहीत नाहीं. त्यानें ती वर्गमित्रास दिली, त्या मित्रानें एका अनोळखी मुलास त्यांतलें एक पान विकलें, आणि त्या मुलानें त्यासाठीं वर्षभर सांठविलेले पैसे मोजले. या सांखळींत चोर कोण ? पाहूं गेलें तर कोणीच नाहीं, आणि तरीही शेवटचा मुलगा नागवला गेला. तेव्हां चांगलें बदली पान म्हणजे ओळखूं न येणारें पान, ही हल्लीं बळावत चाललेली समजूत अगदीं उलटी आहे. जें हातभर अंतरावरून वाचतां येतें आणि हातांत घेतांच बदली म्हणून ओळखतां येतें, तें चांगलें बदली पान.

अस्सल पान पारखण्याच्या कांहीं रीती दुकानदारांनीं बसविल्या आहेत. अस्सल पानाचा कागद दोन थरांचा असून मध्यें निळसर लेप असतो. त्यामागें तेजस्वी दिवा धरल्यास विशिष्ट प्रमाणांतच उजेड आरपार येतो. भिंगाखालीं रंगीत भाग पाहिल्यास छपाईचे सूक्ष्म ठिपके फुलासारखी नियमित नक्षी करून बसलेले दिसतात, आणि काळीं अक्षरें मात्र ठिपक्यांवांचून सलग, रेखीव असतात. घरगुती यंत्रावर छापलेल्या पानांत अक्षरांच्या कडा फुटतात व रंगाचे कण अस्ताव्यस्त दिसतात. एकाच कसोटीवर विसंबूं नये. निरनिराळ्या सालांच्या कागदांतही फरक पडतो. म्हणून संशयित पान त्याच आवृत्तीच्या एखाद्या स्वस्त पण खात्रीच्या पानाशेजारीं ठेवून ताडून पाहणें हाच सर्वांत सोपा मार्ग.

कंपनीची स्वतःची भूमिका १९९३ पासून आजवर मोठी उद्बोधक आहे. अधिकृत स्पर्धेंत अस्सल पानेंच पाहिजेत, हा तिचा नियम पक्का आहे. त्यास अपवाद पंचांच्या हातीं. स्पर्धा चालू असतां एखादें पान अपघातानें फाटलें किंवा खराब झालें, आणि त्यांत खेळाडूचा हेतु नसला, तर मुख्य पंच त्याच्या जागीं बदली पान लिहून देऊं शकतो. खेळाडूनें तें स्वतः करावयाचें नाहीं. मूळ पान जवळ ठेवावयाचें. आणि त्या बदली पानाचें आयुष्य त्या स्पर्धेपुरतेंच. म्हणजे बदली पानाचें तत्त्व नियमांसही मान्य आहे, फक्त तें कोणीं द्यावें एवढाच निर्बंध आहे. २०१६ च्या जानेवारींत कंपनीनें आणखी स्पष्ट केलें कीं, स्वतःच्या उपयोगासाठीं, धंदा न करतां केलेल्या चाचणीच्या पानांमागें लागण्याची तिची इच्छा नाहीं, मग तीं दुकानांत बसून खेळलीं तरी. बनावट पानांची गोष्ट मात्र निराळी. चित्रें व मजकूर कंपनीच्या मालकीचे आहेत, तेव्हां अशीं पानें छापून विकण्याचा धंदा या सवलतींत बसत नाहीं, हें सांगावयास नकोच.

आणि गंमत अशी कीं, बदली पानें खुद्द कंपनीनेंच वेळोवेळीं छापलेलीं आहेत. १९९३ च्या अखेरीस तिनें संग्राहकांसाठीं संपूर्ण संच काढला, त्याचे कोपरे चौकोनी होते आणि पाठ निराळी. त्यांत कृष्णकमळही होतें, पण स्पर्धेंत चालत नव्हतें. १९९७ पासून २००४ पर्यंत जगज्जेतेपदाच्या स्पर्धेंतील नामांकित खेळाडूंचे कॅट तिनें सोनेरी कडेचे आणि वेगळ्या पाठीचे असे छापून माफक किंमतीस विकले. तीं पानें पाहून कोणी फसला नाहीं आणि अस्सल पानांचा भावही कोसळला नाहीं. गरीब खेळाडूस मोठ्या खेळाडूचा कॅट हातांत धरून शिकतां आलें. ही योजना कंपनीनें बंद केली ती फार वाईट गोष्ट झाली.

त्या मानानें २०२२ सालीं खेळास तीस वर्षें पुरीं होत आलीं म्हणून जो संच काढला त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. चार पाकिटें, प्रत्येकांत १५ पानें, मिळून ६०. पाठ निराळी, स्पर्धेंत चालणार नाहींत. आणि किंमत ९९९ डॉलर, म्हणजे तेव्हांचे सुमारे ८२ हजार रुपये. आंत कृष्णकमळ निघेलच असेंही नाहीं. खेळाडूंत संतापाची लाट उठली, आणि ती अकारण नव्हती. जें काम साध्या कागदाच्या चिठ्ठीनें होतें त्यासाठीं एवढी रक्कम मागितली गेली, आणि तरीही स्पर्धेचें दार बंदच. चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलाला जे नांवें ठेवीत होते, त्यांचें तोंड या संचानें पुष्कळच बंद केलें.

संग्राहकांचा पक्ष अगदींच टाकाऊ आहे असें मात्र नाहीं. त्यांना लेखी वचन दिलेलें आहे, आणि त्या वचनावर विश्वासून कित्येकांनीं आयुष्याची शिल्लक या कागदांत गुंतविली आहे. पण बदली पानानें त्यांचें काय जातें, हें कोणी नीट दाखवून दिलेलें नाहीं. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती घरोघरीं लागल्या म्हणून मूळ चित्रांचें मोल उतरलें नाहीं. संग्राहकास मूळ वस्तु हवी असते, आणि ती बदली पानवाला मागतच नाहीं. उलट, ज्या पद्धतीनें खेळणारे उरलेच नाहींत त्या पद्धतीचीं पानें उद्यां कोण विचारणार ? व्हिंटेज पद्धति अनेक गांवीं जिवंत राहिली ती अनधिकृत स्पर्धांमुळें, जेथें चालक आगाऊच जाहीर करतात कीं, प्रत्येकास दहा किंवा पंधरा बदली पानें ठेवतां येतील. नवकाची सोय त्यांतून होते. बाकीचीं पानें ज्याचीं त्यानें आणावयाचीं.

घरगुती बैठकींत प्रश्न पैशाचा राहत नाहीं, बळाचा होतो. आज सर्वांत लोकप्रिय असलेली पद्धत ‘कमांडर’ ही शंभर पानांची असून तींत साध्या भूमीवांचून प्रत्येक नांवाचें एकच पान चालतें आणि बहुधा चौघे मिळून खेळतात. बक्षीस नसतें, पंच नसतो. येथें बदली पानें सर्रास चालतात. पण खर्चाचा लगाम सुटल्यावर कांहींजण जगांतलीं सगळीं जबरदस्त पानें एका कॅटांत कोंबून आणतात, आणि साध्या पाकिटांतून जुळविलेल्या तिघांचा तिसऱ्या पाळींतच फडशा पाडतात. कंटाळून ते तिघे पुढच्या रविवारीं येत नाहींत. तेव्हां डाव मांडण्यापूर्वींच बोलणें झालेलें बरें : कोणाकडे बदली पानें किती आहेत, कोणकोणतीं आहेत, आणि कोणाची हरकत आहे काय. डाव अर्ध्यावर आल्यावर ‘हें बदली आहे बरें का’ असें सांगणें शोभत नाहीं. एखाद्यानें हरकत घेतलीच, तर त्याला कंजूष किंवा धनाढ्य ठरविण्यापेक्षां तेवढीं पानें बाजूस काढून ठेवणें सोपें असतें. दोन साधीं पानें घालून कॅट पुरा करतां येतो.

राहतां राहिला जुन्या बदली पानांचा प्रश्न. कॅट मोडला, म्हणजे तीं पानें पेटींत अस्सल पानांबरोबर ठेवूं नयेत. छापतांनाच चित्राच्या खालीं ‘बदली’ असा शब्द मोठ्या अक्षरांत घालून ठेवावा, पाठ कोरी सोडावी. आणि अशीं पानें कोणास विकूं नयेत, अदलाबदलींतही देऊं नयेत. ज्यांचें काम संपलें तीं मधोमध फाडून मगच टाकावीं, कारण टोपलींतला चांगला दिसणारा तुकडा उचलणारा कोणीतरी असतोच. भूमीच्या पानावर शाईनें लिहिलेलें असेल तर फाडण्याचीही गरज नाहीं. स्पिरिटाच्या बोळ्यानें पुसलें कीं बहुतेक शाई जाते, आणि दुसरें नांव लिहावयास तें मोकळें होतें.